स्मार्टवॉचवरचे आकडे आणि ‘वैद्यकीय उपकरण नाही’ ही ओळ : पार्श्वभूमी

स्मार्टवॉचच्या खोक्यावर पुढच्या बाजूला हृदय, ऑक्सिजन, रक्तदाब, झोप अशी चित्रे असतात आणि मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ अशी ओळ असते. एकाच खोक्याच्या या दोन बाजू एकत्र नांदू कशा लागल्या, ते पाहू. घड्याळ फोनला कसे जोडायचे, ॲपमध्ये काय कुठे असते, हे आता शाळकरी पोरेही आजोबांना शिकवतात. त्यात शिरत नाही.

पावले मोजण्याच्या धंद्याची सुरुवात बहुतेक जण जपानपासून धरतात. टोकियो ऑलिंपिकच्या पाठोपाठ, १९६५ मध्ये, तिथल्या एका कंपनीने कमरेला अडकवायचे यंत्र विकायला काढले आणि त्याच्या नावातच दहा हजार पावले घातली. गोल आकडा, पटकन लक्षात राहणारा. आयुर्मानाचा अभ्यास वगैरे त्यामागे नव्हता. तसा अभ्यास यायला २०१९ उजाडले. सरासरी ७२ वर्षे वयाच्या अमेरिकी स्त्रियांमध्ये रोजच्या सुमारे ४,४०० पावलांपासूनच फरक दिसत होता आणि ७,५०० च्या आसपास तो थांबत होता. तरीही संध्याकाळी सात हजारांवर अडकलेला माणूस सोसायटीच्या आवारात येरझाऱ्या घालतोच.

नाडीचा प्रवास वेगळा. १९८२ मध्ये फिनलंडमधल्या एका कंपनीने छातीचा पट्टा आणि मनगटावरचे घड्याळ यांची बिनतारी जोडी आणली. हा पट्टा हृदयाचे विद्युतस्पंद टिपतो, म्हणून वेगात धावतानाही तो सहसा चुकत नाही. मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे अनुभवी धावपटू आजही घड्याळाच्या सोबतीला तो बांधतात, ते यामुळेच. पुढे २००३ च्या सुमारास मनगटावर मावणारा जीपीएस आला, २००६ मध्ये धाव मोजणारी बुटातली चिप, २००९ मध्ये पावले मोजणारी, खिशाला लावायची क्लिप. २०१४ मध्ये एका चिनी कंपनीने अवघ्या ७९ युआनला मनगटी पट्टा विकून सगळ्यांच्या किमतीचा पाया हलवला. पुढच्याच वर्षी तो भारतात हजार रुपयांच्या आत मिळू लागला.

जाता जाता एक. धावताना घड्याळ जे रंगीत ‘झोन’ दाखवते, त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती, हे सांगणारे ‘२२० वजा वय’ हे सूत्र असते. ते १९७१ मधले. हाताशी असलेल्या थोड्याशा अभ्यासांमधल्या बिंदूंवरून अंदाजाने ओढलेली ती रेघ होती. २००१ मध्ये अधिक पुराव्यानिशी ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सूत्र मांडले गेले, पण जुने अजून हटलेले नाही. चाळिशीला दोन्ही सूत्रे १८० वरच येतात. साठीला जुने १६० म्हणते आणि नवे १६६. म्हणजे घड्याळाने लाल रंग दाखवला म्हणून चाल कमी करणारा ज्येष्ठ धावपटू कदाचित विनाकारण थांबत असतो.

मनगटावर हिरवा दिवा आला आणि इथून गुंता सुरू झाला. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषते. प्रत्येक ठोक्याला त्वचेखालचे रक्त वाढते-घटते, तसा परतणारा प्रकाशही कमी-जास्त होतो. त्यावरून नाडी काढतात. ही युक्ती १९३० च्या दशकापासून माहीत होती. छातीच्या पट्ट्याइतकी ती पक्की नाही, कारण घड्याळाचा पट्टा सैल असेल, हात हलत असेल, थंडीने बोटे गारठली असतील, मनगटावर गोंदण असेल, तर आकडा बिघडतो. पण दिवसभर अंगावर राहते ही तिची खरी ताकद. दिवसभराचे आकडे जमू लागले, तसा प्रश्न आला : या आकड्यांची शहानिशा कोणी करायची?

जुलै २०१६ मध्ये औषधे आणि वैद्यकीय उपकरणे तपासणाऱ्या अमेरिकेच्या नियामकाने (एफडीए) त्याचे उत्तर दिले, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत परिणामकारक निर्णय तोच. आतापर्यंतचा कोणताही सेन्सर त्यापुढे फिका आहे. धोरण साधारण असे : वस्तू अंगाला अपाय करणारी नसेल आणि बनवणारा ‘तंदुरुस्ती राखायला मदत’ एवढेच म्हणत असेल, तर आम्ही तपासायला येणार नाही. आजाराचे नाव घेतलेत, की पुरावा आणा. यासाठी त्यांनी ‘वेलनेस’ हा वर्ग वापरला. ऐकायला समंजस धोरण. प्रत्येक पावलेमोजणीला परवाना लागला असता तर हा बाजार उभाच राहिला नसता, हेही खरे. पण त्यामुळे तपासणी होणार की नाही, हे आकडा किती बरोबर आहे यावर न ठरता खोक्यावर काय छापले आहे यावर ठरू लागले. हुशार कंपन्यांनी छापायचे काय ते लगेच ओळखले.

दोन वर्षांनी याच चौकटीतून एका मोठ्या कंपनीने उलटा रस्ता घेतला. सप्टेंबर २०१८ मध्ये तिने घड्याळातल्या ईसीजीसाठी रीतसर परवानगी मिळवली. पत्रावरची तारीख घड्याळ जाहीर होण्याच्या आदल्या दिवसाची होती. वाद तेव्हाच पेटला. बातम्यांमध्ये सरसकट ‘मंजुरी’ आले. प्रत्यक्षात ती कमी ते मध्यम जोखमीच्या नव्या उपकरणांसाठीची वाट होती, आणि औषधाला किंवा पेसमेकरला जे पुरावे लागतात तितके तिथे लागत नाहीत. घड्याळाचा ईसीजी एकाच बाजूने हृदयाकडे बघतो, दवाखान्यातला बारा बाजूंनी. ठोक्यांची अनियमित लय, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, त्यात दिसू शकते; हार्ट अटॅक ओळखण्यासाठी ते नाही. परवानगीही २२ वर्षांपुढच्यांसाठी होती.

हृदयरोगतज्ज्ञांची हरकत निराळी होती. हा विकार मुख्यतः म्हाताऱ्यांचा आणि घड्याळ घेणारे मुख्यतः तरुण. निरोगी माणसांच्या गर्दीत क्वचित दिसणारा आजार शोधायला गेले, की खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण वाढते, हे साधे गणित आहे. २०१९ मध्ये याच कंपनीच्या घड्याळांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे आले. ४ लाख १९ हजार लोकांपैकी अनियमित नाडीचा इशारा मिळाला तो जेमतेम ०.५२ टक्क्यांना. त्यांपैकी ज्यांनी नंतर हृदयाची लय नोंदणारा पॅच छातीवर लावून तो परत पाठवला, त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांत विकार सापडला. समर्थकांनी यातले ०.५२ उचलले : बघा, उगाच घाबरवत नाही. टीकाकारांनी ३४ उचलले : बघा, इशारा मिळालेल्या तिघांपैकी दोघांत काही सापडले नाही. हा विकार येतो-जातो, त्यामुळे पॅच लावलेल्या दिवसांत तो नसणे म्हणजे इशारा खोटाच होता असेही नाही. माझा कल समर्थकांकडे आहे, पण एका कारणासाठी : निदान या आकड्यावर भांडायला काहीतरी छापील होते.

ऑक्सिजनच्या बाबतीत तेही राहिले नाही. २०२० मध्ये त्याच कंपनीने रक्तातला ऑक्सिजन मोजणारे घड्याळ आणले आणि या वेळी परवानगीच्या फंदात न पडता ते सरळ ‘वेलनेस’च्या खान्यात टाकले. ईसीजी वैद्यकीय, ऑक्सिजन वैद्यकीय नाही, आणि दोन्ही एकाच मनगटावर. पुढे गंमत अशी झाली, की रुग्णालयांना ऑक्सिमीटर पुरवणाऱ्या एका कंपनीने याच तंत्रावरून पेटंटचा दावा लावला आणि जिंकला. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत त्या घड्याळांच्या आयातीवर बंदी आली. जानेवारी २०२४ पासून तिथे विकलेल्या घड्याळांतून ही सोय काढावी लागली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, हिशोब घड्याळाऐवजी फोनवर हलवून, ती परत आली. ‘हा आकडा उपचारासाठी नाही’ असे सांगणाऱ्या सोयीसाठी दोन कंपन्या वर्षानुवर्षे कोर्टात भांडल्या.

आपल्याकडे हा आकडा घराघरांत पोचला तो घड्याळातून नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके दारोदार फिरली, कपाळावर थर्मल गन आणि बोटाला ऑक्सिमीटर. ९५ च्या खाली म्हणजे काळजी, हे खेड्यातल्या आजीलाही तेव्हा कळले. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये दुसऱ्या लाटेत सहा मिनिटे चालून ऑक्सिजन बघण्याचा सल्ला सगळीकडे फिरत होता आणि ऑक्सिमीटर दुकानांतून गायब झाले होते. त्या पोकळीत घड्याळे शिरली. दीड-दोन हजारांच्या घड्याळांच्या जाहिरातीत ऑक्सिजन ठळक झाला तो याच काळात.

बोटाचे यंत्र आणि मनगटाचे घड्याळ यांत फरक आहे. बोटाला लावलेल्या चिमट्यात प्रकाश एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. मनगटात हाड आडवे येते, म्हणून परावर्तित प्रकाशावर भागवावे लागते, आणि तो संकेत फार क्षीण असतो. त्यातून बोटाचे यंत्रही निर्दोष नाही. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, रुग्णालयातल्या ऑक्सिमीटरने कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा हुकवल्याचे दिसले. सावळ्या कातडीच्या देशात, स्वस्त सेन्सरच्या घड्याळावर ९७ दिसले म्हणून घरी थांबलेले किती होते, याची मोजदाद कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही.

भारतातला कायदा तोपर्यंत बदलला होता. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे, सॉफ्टवेअरसह, औषधांच्या कायद्याखाली आली. पण उपकरण कशासाठी आहे, हे इथेही उत्पादकाच्या म्हणण्यावर ठरते. मग ती बारीक ओळ छापली की काम भागते. जुलै २०२१ मध्ये सरकारने ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, रक्तदाबाचे यंत्र, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तूंवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. मेडिकलमधल्या ऑक्सिमीटरवर किमतीचा अंकुश आला, पुढे परवान्याचाही. शेजारच्या मोबाइलच्या दुकानातल्या, तोच आकडा दाखवणाऱ्या घड्याळावर दोन्ही आले नाहीत. मला हे नजरचुकीने राहिलेले वाटत नाही. देशी बाजार नुकता उसळत होता आणि त्यात कुणाला हात घालायचा नव्हता.

उसळी खरोखर मोठी होती. २०२२ च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत भारत उत्तर अमेरिकेला मागे टाकून जगातली सर्वांत मोठी स्मार्टवॉच बाजारपेठ झाला. यात तंदुरुस्तीचा वाटा वाटतो तितका नव्हता. खप वाढवला तो ब्लूटूथ कॉलिंगने. सिग्नलला उभा असलेला स्कूटरवाला मनगट तोंडाशी नेऊन ‘पोचतोच, पाच मिनिटं’ म्हणतो, हे दृश्य तेव्हाचे. २०२४ मध्ये देशातली विक्री साधारण एक तृतीयांशाने घसरली. पहिले घड्याळ हौसेने घेतलेल्यांनी दुसरे घेतले नाही. टेबलाला, केळ्याला घड्याळ बांधून त्याचा ‘रक्तदाब’ दाखवणारे व्हिडिओ तोवर बहुतेकांनी पाहिले होते.

घड्याळ स्वतःहून न घेतलेलेही लोक आहेत. नागपूर आणि नवी मुंबईत महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे आली ती हजेरीसाठी. नेमून दिलेल्या हद्दीत कामगार आहे की नाही, हे त्यावरून बघायचे. चंदीगडमध्ये कामगारांनी अशा घड्याळांविरुद्ध आंदोलन केले. विमा कंपन्यांचा मार्ग गोड आहे : पावले चाला, गुण मिळवा, पुढच्या हप्त्यात सूट घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये विमा नियामकाच्या सूचनांनी अशा योजनांना चौकट दिली. ‘वेलनेस’ म्हणून सोडून दिलेल्या आकड्यावर इथे पगार आणि हप्ता ठरतो, याकडे या चर्चांमध्ये फार कुणी बघत नाही.

सध्या ओढाताण रक्तदाब आणि साखरेवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकी नियामकाने स्पष्ट बजावले, की सुई न टोचता साखर सांगणारे एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मान्य केलेली नाही, त्यांच्यावर विसंबून इन्शुलिन घेऊ नका. जुलै २०२५ मध्ये रक्तदाबाचा अंदाज देणाऱ्या एका पट्ट्याच्या कंपनीला इशारापत्र गेले. कंपनी म्हणाली, हे वेलनेस आहे; नियामक म्हणाला, रक्तदाबाचा आकडा आणि उच्च रक्तदाबाचे निदान वेगळे काढता येत नाही. २०१६ चे धोरण त्याच्या लेखकांनाच अडचणीचे ठरल्याचा हा पहिला ठळक प्रसंग. दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, ईसीजीवाल्या कंपनीला उच्च रक्तदाबाच्या सूचनेची परवानगी मिळाली, पण तिने आकडा देण्याचे टाळले : तीस दिवसांची नाडी बघून ‘एकदा तपासून घ्या’ एवढेच सांगायचे. उच्च रक्तदाब असलेला प्रत्येक जण यात सापडत नाही, हे कंपनीच सांगते. दक्षिण कोरियात २०२० मध्ये एका घड्याळाला आकडा दाखवायची परवानगी मिळाली होती, पण दर २८ दिवसांनी दंडाला कफ बांधून ते जुळवून घ्यायच्या अटीवर. म्हणजे घड्याळासोबत दंडाला बांधायचे रक्तदाबाचे यंत्रही घरात हवेच.