जुन्या घरांतील हवा (कोकण)

कोकण किनारपट्टीवरील जुन्या घरांत साचणारी ओल, बुरशी, धूर, धूळ व घातक वायू आणि ते कमी करण्याच्या रीती हा या नोंदीचा विषय आहे. जुनी घरे म्हणजे येथे मुख्यतः जांभ्याच्या चिऱ्यांची, मातीत किंवा चुन्यात रचलेली, लाकडी वाशांवर कौले चढवलेली घरे. रेवदंडा-चौलपासून आंजर्ले, गुहागर, राजापूर, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत ती आजही वापरात आहेत. त्यांपैकी अनेकांत आता एसी आले आहेत आणि पर्यटकांसाठी नव्याने सजवलेल्या काही घरांत पोटमाळ्यावरून डक्टही (थंड हवा खोल्यांत नेणारे बंदिस्त मार्ग) फिरवले आहेत. त्यामुळे डक्टच्या सफाईचा विचारही या विषयात येतो.

घडण. कोकणी घर हवा अडवण्यासाठी बांधलेले नव्हते, खेळवण्यासाठी बांधलेले होते. पुढे पडवी, मग ओटी, मधे माजघर आणि मागे स्वयंपाकघर अशी रांग. पुढचे दार आणि मागचे दार बहुधा एका रेषेत असे. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून वाहणारे मतलई वारे या रेषेतून आरपार जात. छपराला माळ्याखेरीज दुसरे आच्छादन नसे. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधील ख्रिस्ती संस्थेने 1865 मध्ये मंगळुरात काढला. पुढे ही कौले कोकणात पसरली आणि त्यांनी हाताने थापलेले नळे (नळीची कौले) मागे टाकले. पण दोन्हींच्या सांध्यांतून गरम हवा आणि धूर वर निघून जात असे. शिवाय स्वयंपाकघरावर धुरासाठी उचललेले कौल, भिंतींत झरोके, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी गज. भिंतीवरचा चुना हवेतली ओल घेई आणि ऊन पडले की सोडून देई. चुना अल्कधर्मी असल्याने ताज्या सफेदीवर बुरशी सहजी धरत नाही. गणपतीआधी किंवा दिवाळीत भिंती पांढऱ्या करण्याची चाल शोभेपुरती नव्हती.

या घरांचे बहुतेक आजार बांधणीतून आलेले नाहीत, नंतरच्या दुरुस्त्यांतून आले आहेत. चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर चकचकीत रंग दिला की जोत्यातून वर चढणारी ओल भिंतीत कोंडते; रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, लोणा लागतो. लाकडी गजांच्या जागी सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्या येतात आणि एका वेळी अर्धीच खिडकी उघडते. कौलांखाली फॉल्स सीलिंग घातले की गरम हवेची वरची वाट बंद होते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावर आणि उत्तर रत्नागिरीत असंख्य घरांची कौले उडवली. त्यानंतर अनेकांनी पत्रे घातले. ते समजण्यासारखे आहे, कारण पाऊस दारात होता आणि कौले मिळत नव्हती. पण पत्रा रात्री लवकर थंड होतो आणि त्याच्या आतल्या बाजूला दव धरून ते थेंब माळ्यावर पडतात. अशा छपराला आढ्याजवळ हवेची फट ठेवणे अत्यावश्यक असते.

ओल आणि बुरशी. किनाऱ्यावर वर्षाला साधारण 2500 ते 3500 मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस 85 ते 90 टक्क्यांच्या आसपास राहते. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांवर राहिली की बुरशीला तेवढे पुरते. पाणी झिरपायलाच हवे असे नाही. कपाटामागची भिंत, चपलांचा कोनाडा, देवघराचा कोपरा, कापसाच्या गाद्यांचा ढीग येथे ती आधी दिसते, आणि डोळ्यांआधी कुबट वासाने कळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये ओल व बुरशीविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. ओलसर घरांत दमा, खोकला आणि श्वासमार्गाचे विकार अधिक आढळतात हा त्यांचा मुख्य निष्कर्ष आहे. गादी-उशांतले धुळीचे किडेही ओलीवरच जगतात. आर्द्रता 50 टक्क्यांखाली ठेवली तर ते तग धरत नाहीत, पण कोकणातल्या पावसाळ्यात यंत्राशिवाय ते शक्य नाही.

‘खिडक्या उघडा म्हणजे घर सुकेल’ हा सल्ला इथे जुलैत अर्धाच खरा ठरतो. बाहेरची हवा 28 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेची असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, 26 अंशांच्या घरात असतो. खिडकी उघडल्याने धूर, स्वयंपाकाची वाफ आणि माणसांच्या श्वासातली ओल बाहेर जाते, ते हवेच; पण भिंत सुकत नाही. सुकवते ती ऊब. 26 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा नुसती 29 अंशांपर्यंत तापवली तरी तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर येते आणि बुरशीची रेषा मागे सरते. चूल आणि न्हाणीतला बंब नकळत हेच काम करत होते. चुलीच्या धुराची काजळी वाशांवर बसे, कीड लाकडापासून दूर राही आणि माळ्यावरची आमसुले, कांदे, सरपण कोरडे राही. चूल विझली आणि माळा ओलसर झाला, हा अनुभव कोकणात घरोघर ऐकू येतो. त्याची किंमत मात्र चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसांनी मोजलेली होती. म्हणून चूल परत आणणे हा उपाय नव्हे. तिने दिलेली ऊब आणि वरची वाट दुसऱ्या मार्गाने मिळवायला हवी.

तो मार्ग साधा आहे. पागोळ्या जोत्यापासून दूर पडतील अशी वळचण, घराभोवती वाहते गटार, भिंतीला टेकलेली माती आणि सरपणाची रास हलवणे, कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे घेणे, खालच्या भागातला सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करणे. पश्चिमेच्या झडीसाठी नारळाच्या झावळ्यांची झापे पडवीला बांधत, ती भिंत भिजू देत नसत आणि वाराही सोडत. त्यांच्या जागी ताणलेली प्लॅस्टिकची ताडपत्री पाणी अडवते, पण वाराही अडवते. एखादी खोली कोरडी ठेवायचीच असेल, म्हणजे दम्याच्या रुग्णाची, बाळंतिणीची किंवा पुस्तकांची, तर दारे लावून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारे यंत्र) चालवावा. सगळ्या घराला तो पुरणार नाही.

धरलेली बुरशी साबणाच्या पाण्याने आणि घासणीने निघते. नंतर जागा पूर्ण सुकवणे महत्त्वाचे. कोरडी झाडू नये, बीजाणू घरभर उडतात. भिजलेली गादी, पुठ्ठा, सीलिंगचे बोर्ड 24 ते 48 तासांत सुकले नाहीत तर टाकून द्यावेत. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळुणात चिखल उपसणाऱ्या घरांपुढे हाच प्रश्न उभा होता. ब्लीच वापरलेच तर संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जीवघेणा ठरू शकतो.

बंद घर. वर्षातले कित्येक महिने कुलूपबंद राहून गणपतीला उघडणारे घर हा कोकणाचा खास प्रकार. चाकरमानी रात्रीच्या गाडीने पहाटे पोहोचतात, घर उघडतात आणि तासाभरात त्याच खोलीत मुलांना झोपवतात. तीन महिन्यांची बुरशी, उंदरांच्या लेंड्या आणि माळ्यावरच्या पाकोळ्यांची विष्ठा तेव्हा सगळ्यांच्या श्वासात जाते. शेजाऱ्याकडे किल्ली असेल तर त्याने दोन दिवस आधी दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, पंखे लावावेत. झाडलोट करणाऱ्याने एन-95 मास्क घालावा, विष्ठेवर आधी पाणी शिंपडून मग ती पुसून उचलावी. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि कोकणात तो पावसाळ्यात नवा नाही, तेव्हा हातमोजेही हवेत. पेट्यांतल्या डांबरगोळ्यांबद्दल लोक सहसा बेफिकीर असतात. त्यांतले नॅफ्थलीन 2010 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घरगुती प्रदूषकांच्या यादीत आहे. जी-6-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाला अशा गोळ्यांत ठेवलेले दुपटे गुंडाळले तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. आजीच्या पेटीतले दुपटे आधी धुऊन कडक उन्हात टाकावे.

धूर आणि वायू. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस वाढला, तरी पाणी तापवायला आणि भात-भाकरीला चूल अनेक घरांत टिकून आहे. लाकडाच्या धुरातले 2.5 मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी असे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये म्हटले. भारताचे 2009 पासूनचे मानक 40 आहे. चूल ठेवायची तर ती मागच्या पडवीत, धुराड्यासह असावी. डासांच्या कॉइलला लोक धूर समजत नाहीत. एक कॉइल पूर्ण जळताना सोडलेले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या कणांइतके असल्याचे मोजले गेले आहे. मच्छरदाणी हा तिच्यावरचा उतारा कोकणात प्रत्येक घरात आहेच.

सर्वांत तातडीचा धोका गॅस गीझरचा. जुन्या न्हाणीला कौलांतून हवा मिळत असे. तीच न्हाणी टाइल्स आणि स्लॅब घालून बंद केली आणि आत गॅस गीझर टांगला, तर प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस ओरडण्याआधी बेशुद्ध पडतो. गीझर न्हाणीबाहेर, उघड्यावरच लावावा.

जुन्या दारांचा रंग खरवडतानाही काळजी हवी. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. ते कोरडे घासू नयेत, ओले करून काढावेत, आणि तोवर लहान मुले दुसऱ्या घरी असावीत.

एसी आणि डक्ट. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. त्याची आतली थंड नळ्यांची कॉइल सतत ओली असते आणि त्यावर धूळ बसली की बुरशीला तयार वाफा मिळतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला हवा गाळणारी जाळी धुवावी. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, कॉइल, ब्लोअर आणि ड्रेन ट्रे यांची जेट वॉशने सफाई करून घ्यावी. खोलीच्या मानाने मोठा एसी घेऊ नये: तो चटकन थंड करून बंद पडतो, ओल मात्र काढत नाही.

डक्टचे दुखणे माळ्यावर असते. आतून 12 ते 15 अंशांची हवा जाते, बाहेर कौलांखाली दमट हवा असते, आणि वेष्टण जिथे फाटले असेल तिथे डक्टला घाम सुटतो. उंदीर हे वेष्टण कुरतडतात, सांध्यांतून आत शिरतात. मग काजळी आणि विष्ठा मिसळलेली माळ्याची हवा खोलीत येते. अशा डक्टची सफाई विकायला येणारे लोक ‘सॅनिटायझेशन’ किंवा ‘फॉगिंग’ आधी सुचवतात. सावध राहावे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत म्हटले आहे की डक्ट साफ केल्याने आजार टळतात असे सिद्ध झालेले नाही. डक्टच्या आत बुरशी दिसत असेल, उंदीर-किडे असतील, किंवा धुळीने मार्ग तुंबून ती जाळीतून खोलीत उडत असेल, तरच सफाई करावी. कोकणातल्या जुन्या घरात यातल्या पहिल्या दोन अटी बरेचदा खऱ्या ठरतात, म्हणून डक्ट उघडून पाहणे योग्यच. पण क्रम असा: आधी गळके कौल आणि घाम थांबवावा, मग उंदरांची वाट बुजवावी, मग निर्वात पंप लावून ब्रशने धूळ ओढून घ्यावी. जंतुनाशक सर्वांत शेवटी, आणि तेही धातूच्या स्वच्छ पृष्ठभागावर. आतून काचतंतूचे अस्तर असलेला डक्ट एकदा भिजून बुरसला की तो साफ होत नाही. तो तुकडाच बदलावा लागतो. ओझोन सोडणारी यंत्रे तर घेऊच नयेत. माणसाला निर्धोक अशा पातळीवर ओझोन बुरशी मारत नाही, आणि बुरशी मारेल अशा पातळीवर माणसाच्या श्वासनलिकेला इजा करतो.

हेपा गाळणीचे एअर प्युरिफायर 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के पकडतात, ओल मात्र जराही कमी करत नाहीत. झोपण्याच्या एका खोलीसाठी ते उपयोगी पडतात.

कामाची वेळ. यातली बहुतेक कामे आगोटीत, मृगाआधी व्हायला हवीत: कौले चाळून फुटकी बदलणे, वळचण आणि गटारे साफ करणे, गाद्या-उशा, गोधड्या मेच्या उन्हात दोन दिवस टाकणे, माळ्यावरचे डक्ट आणि वेष्टण तपासणे. चुन्याच्या गिलाव्याला पक्के व्हायला वेळ लागतो, म्हणून तो मेअखेरीस करू नये. पाऊस ओसरल्यावर, कार्तिकात, भिंत चांगली सुकू द्यावी आणि मग करावा.