पार्श्वभूमी : लुम्बेरा आणि कॉलेजातून गेलेला विषय

बिएनवेनिदो लुम्बेरा यांचे नाव आज फिलिपिन्समध्ये निघते ते बरेचदा एका खटल्याच्या निमित्ताने. १५ एप्रिल २०१५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात कॉलेजच्या सक्तीच्या अभ्यासक्रमातून फिलिपिनो ही राष्ट्रभाषा आणि साहित्य हे विषय वगळण्याविरुद्ध एक याचिका दाखल झाली. तिच्यावर अर्जदार म्हणून पहिले नाव त्यांचे होते. चारच दिवसांपूर्वी त्यांना ८३ वर्षे पूर्ण झाली होती. पदरी मॅगसेसे पुरस्कार, राष्ट्रीय कलावंत हा देशातला मोठा सन्मान, कवितासंग्रह आणि काही दशकांची प्राध्यापकी. अशा माणसाने या वयात क्रेडिटच्या, म्हणजे विषयाला मिळणाऱ्या तासांच्या, हिशेबासाठी कोर्टाची पायरी का चढावी, हे त्यांच्या कवितांपेक्षा त्यांनी कुठल्या विभागात शिकवले, हे पाहिले की लवकर उमगते.

जन्म १९३२ चा, बटांगस प्रांतातल्या लिपा गावचा. आईवडील लहानपणीच गेले, आजीने वाढवले. अमेरिकी अमलाने घालून दिलेल्या वळणाचे इंग्रजी शिक्षण झाले आणि १९५४ मध्ये मनिलातून पत्रकारितेची पदवी मिळाली. पहिल्या कविताही इंग्रजीतच. पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेले. तिथे तौलनिक साहित्यात पीएचडी करताना त्यांनी विषय घेतला तो १५७० ते १८९८ या काळातल्या तागालोग कवितेचा. तागालोग ही मनिलाच्या परिसरातली भाषा, पुढे राष्ट्रभाषा फिलिपिनोचा पाया ठरलेली. सात-सात अक्षरांच्या चार ओळींची ‘तानागा’, मिशनऱ्यांच्या शब्दकोशांत उदाहरणांपुरती टिकून राहिलेली कोडी आणि म्हणी, ख्रिस्ताच्या यातनांवरची दीर्घ काव्ये, १८३८ मध्ये आलेले बालाग्तास या कवीचे आख्यानकाव्य, आणि शेवटी स्पेनविरुद्धच्या चळवळीतली कविता. जी कविता मनिलाच्या इंग्रजी विभागांत कोणी फारशी मोजत नव्हते, तिची अखंड परंपरा त्यांनी मांडली. प्रबंध अर्थातच इंग्रजीत. पुस्तकरूपाने तो १९८६ मध्ये आला, आणि आजही त्या काळावर लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही.

परतल्यावर ते जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या एका नामांकित विद्यापीठात शिकवत होते. १९६० च्या दशकात तिथले काही तरुण कवी तागालोगमध्ये साध्या, ठोस वस्तूंवर लिहू लागले होते. लुम्बेरा त्यांच्यातच होते. दशक संपता संपता त्याच आवारात अभ्यासक्रम आणि शिकवण्याची भाषा आपली असावी, अशी मागणी उठली. १९७१ मध्ये ते डाव्या लेखकांच्या एका संघटनेचे अध्यक्ष झाले. सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि लुम्बेरा भूमिगत झाले. जानेवारी १९७४ मध्ये पकडले गेले, डिसेंबरमध्ये सुटले. सुटकेसाठी त्यांच्या एका माजी विद्यार्थिनीने ज्या सेनाधिकाऱ्याला पत्र लिहिले, तो पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. विद्यार्थिनी त्यांची पत्नी झाली. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण इथेच रेंगाळतात. मला त्यानंतरची एक रुक्ष नोंद जास्त महत्त्वाची वाटते : १९७६ पासून ते मनिलाजवळच्या दिलिमानच्या सरकारी विद्यापीठात शिकवू लागले, आणि तेही फिलिपिनो भाषा व साहित्य विभागात. अमेरिकेतून तौलनिक साहित्याची डॉक्टरेट आणलेल्या माणसासाठी प्रतिष्ठेची खुर्ची इंग्रजी विभागात होती.

सिनेमाची गंभीर समीक्षा करणाऱ्यांचा गट १९७६ मध्ये उभा राहिला, त्यात ते होते. रंगभूमीसाठी त्यांनी संहिता लिहिल्या. त्यांतली १९८० ची ‘रामा, हरी’ म्हणजे रामायणावरचे रॉक संगीतातले नृत्यनाट्य. विनोबा आणि बाबा आमटे यांच्यामुळे आपल्या परिचयाचा असलेला मॅगसेसे पुरस्कार त्यांना १९९३ मध्ये पत्रकारिता व साहित्यासाठी मिळाला, २००६ मध्ये ते राष्ट्रीय कलावंत झाले. २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी निवड समित्यांनी न सुचवलेली चार नावे या सन्मानाच्या यादीत घातली, तेव्हा कोर्टात गेलेल्यांत लुम्बेरा होते. जुलै २०१३ मध्ये तो खटला त्यांच्या बाजूने लागला.

त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २८ जून २०१३ रोजी, उच्च शिक्षण आयोगाने आदेश क्रमांक २० काढला होता. तोवर शाळा दहा वर्षांची होती. नव्या कायद्याने ती बारा वर्षांची झाली. साहजिकच कॉलेजातले सर्वांना सक्तीचे सामान्य विषय कमी करायचे ठरले. आधी अभ्यासशाखेनुसार ६३ किंवा ५१ क्रेडिटचे हे विषय ३६ वर आले. जुन्या रचनेत फिलिपिनोला नऊ किंवा सहा क्रेडिट होती. नव्या यादीत तिचा वेगळा विषयच नव्हता, साहित्याचाही नव्हता. आयोगाचे म्हणणे असे की हे विषय आता अकरावी-बारावीत होतील, आणि उरलेले विषय इंग्रजीत किंवा फिलिपिनोत शिकवायला मुभा आहेच.

वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही, आणि दोन वर्षे वाढवल्यावर वरचा भार हलका करणे हा युक्तिवाद मुळात खोटाही नाही. पण मुभा कोणाला? खासगी कॉलेजात अर्थशास्त्र किंवा विज्ञान फिलिपिनोत शिकवायला पुस्तके हवीत, परिभाषा हवी. ती घडवणारे लोक ज्या विभागांत बसतात, ते विभाग या सक्तीच्या तासांवरच चालतात. तास गेले की शिक्षक जातात, शिक्षक गेले की संशोधन जाते आणि मुभा कागदावर राहते. जून २०१४ मध्ये या आदेशाविरुद्ध शिक्षकांची आघाडी उभी राहिली, आणि दहा महिन्यांनी लुम्बेरा यांच्या नावाची याचिका. आठवड्याच्या आत, २१ एप्रिलला, न्यायालयाने फिलिपिनो व साहित्यापुरती आदेशाला तात्पुरती मनाई दिली. ती साडेतीन वर्षे टिकली.

याचिकेचा आधार १९८७ च्या राज्यघटनेतले चौदावे प्रकरण. राष्ट्रभाषा फिलिपिनो आहे, ती देशातल्या आणि इतर भाषांच्या आधारे समृद्ध करायची आणि शिक्षणाचे माध्यम म्हणून सरकारने तिचा वापर सुरू करून चालू ठेवायचा, असे तिथे म्हटले आहे. (ही भाषा म्हणजे नाव बदललेली तागालोगच, अशी सेबुआनो या देशातल्या दुसऱ्या मोठ्या भाषेच्या भाषकांची जुनी तक्रार आहे, या खटल्यात मात्र तो मुद्दा कडेलाच राहिला.) ९ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे कलम आपोआप लागू होत नाही, त्यासाठी कायदा लागतो. दुसरी जास्त जिव्हारी लागणारी : घटनेत फिलिपिनो येते ती माध्यम म्हणून, कॉलेजात शिकायचा विषय म्हणून नव्हे. आयोगाने घातली आहे ती किमान अट, कॉलेजांना जास्तीचे विषय ठेवण्यापासून कोणी अडवलेले नाही, असेही निकालात होते. मनाई उठली. २०१९ मध्ये फेरविचाराचा अर्जही फेटाळला गेला.

कायद्याच्या चौकटीत हा भेद टिकतो. पण लुम्बेरा यांचा प्रबंध समोर ठेवला की तो पोकळ वाटतो. तीनशे वर्षांची तागालोग कविता त्यांना अभ्यासाचा विषय करावी लागली, म्हणूनच ती शिकवण्याजोगी ठरली. ज्या भाषेचा कोणी विषय म्हणून अभ्यास करत नाही, तिला माध्यम करायचे म्हटले तर वर्गात काय वाचायचे, याचे उत्तर निकालात नाही.

निकालानंतर चित्र संस्थेगणिक वेगळे झाले. काही विद्यापीठांनी आपल्या अधिकारात फिलिपिनोचे तास ठेवले, काहींनी शिक्षकांना दुसऱ्या विषयांकडे वळवले. लुम्बेरा २८ सप्टेंबर २०२१ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी गेले. आयोगाच्या युक्तिवादाचा पाया असलेली अकरावी-बारावीही नंतर तशी राहिली नाही. २०२५-२६ पासून निवडक शाळांत सुरू झालेल्या सुधारित रचनेत सक्तीचे विषय पाच आहेत, आणि भाषेसाठी त्यांत ‘परिणामकारक संवाद’ हा इंग्रजी आणि फिलिपिनो मिळून एकच विषय आहे.