अमिगाचा सातबारा कुणाच्या नावावर?

ठाण्यात जुने कॉम्प्युटर जपणारे आम्ही चौघे भेटलो आणि कमोडोर कंपनीच्या अमिगा 500 या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो: किकस्टार्टची, म्हणजे मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर असलेल्या चिपची, नवी रॉम घ्यायची तर कुणाकडून? नौपाड्यातल्या मित्राच्या मशीनमध्ये अजून 1.3 ही जुनी आवृत्ती आहे. 40 पायांची ती चिप उचकटून दुसरी बसवायला फार वेळ लागत नाही. पण 'अधिकृत' कुठली म्हणायची, हे सांगायला पार 1994 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये कमोडोर बुडाली. 1995 मध्ये जर्मनीच्या एस्कॉमने मालमत्ता उचलली, वर्षभरात तीही गाळात गेली. 1997 मध्ये गेटवेने घेतली आणि 1999 च्या अखेरीस अमिनो नावाच्या छोट्या कंपनीला विकली. पेटंटं मात्र स्वतःकडे ठेवली. अमिनोने आपलं नाव बदलून अमिगा इंक केलं. सातबाऱ्यावर नाव एकाचं, कसणारा दुसराच, अशी गत इथून सुरू झाली.

खरी मेख 3 नोव्हेंबर 2001 च्या करारात आहे. अमिगा इंककडे पैसे नव्हते, म्हणून बेल्जियमच्या हायपेरिअन कंपनीने अमिगाची ऑपरेटिंग सिस्टिम, अमिगा ओएस 4, पॉवरपीसी या वेगळ्या प्रोसेसरवर आणायची, असं ठरलं. अमिगा इंकने 25,000 डॉलर भरले की सोर्स कोड तिचा. पण तीच दिवाळखोर ठरली तर हक्क हायपेरिअनकडे. महापे-ऐरोलीतल्या सर्व्हिस कंपन्यांत 'कोड क्लायंटचा' हे पहिल्या दिवशीच डोक्यात बसवतात. इथे क्लायंट कोण, हेच धड राहिलं नाही. 2004 मध्ये केएमओएस नावाच्या कंपनीने मालमत्ता घेतली आणि तिनेही अमिगा इंक हेच नाव लावलं! पैसे पूर्ण भरले का, वेळेत भरले का, आधीची कंपनी दिवाळखोर होती का, यावर 2007 मध्ये सिअ‍ॅटलच्या कोर्टात खटला उभा राहिला.

2009 मध्ये तडजोड झाली. कमोडोरच्या काळातल्या 3.1 आवृत्तीचा सोर्स वापरून ओएस 4 आणि पुढच्या आवृत्त्या करायचा कायमचा हक्क हायपेरिअनला मिळाला. पण मोटोरोला 68000 प्रोसेसरच्या जुन्या मशीनसाठी 3.1 विकायची मुभा त्यात बसते का? कमोडोरच्या काळातले कॉपीराइट पुढे क्लोअँटो या कंपनीकडे आले होते. अमिगा फॉरएव्हर हे एमुलेशनचं, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुना अमिगा चालवायचं, पॅकेज तिचंच. तिच्या मते ही मुभा त्यात बसत नव्हती. 2017 पासून पुन्हा कोर्टकचेऱ्या.

प्रोग्रॅमर कमी पडले म्हणून अमिगा रखडला, हे मला पटत नाही. आवृत्त्यांचे आकडेच बघा. 3.9 आली 2000 साली. 2018 मध्ये जुन्या मशीनसाठी नवी आवृत्ती निघाली, तिचा क्रमांक 3.1.4! 3.5 आणि 3.9 मधलं काम दुसऱ्यांच्या हक्कात अडकलेलं, म्हणून कमोडोरच्या 3.1 वरूनच पुन्हा सुरुवात करावी लागली. 2021 च्या 3.2 पर्यंत यातलं बरंच काही नव्याने करावं लागलं.

या भानगडीत न पडलेला एक गट आहे: 1995 पासून चाललेला एरॉस. मूळ कोडला हात न लावता तीच सिस्टिम नव्याने लिहायची, हा त्यांचा हट्ट. विनयूएई या एमुलेटरला मूळ रॉम मिळाली नाही तर तो एरॉसची रॉम लावतो. सगळे गेम तिच्यावर चालत नाहीत, पण ती वाटायला कुणाच्या परवानगीची गरज पडत नाही.