महाधमनीचा फुगा आणि हायब्रिड ऑपरेशन

सोनोग्राफीत महाधमनी, म्हणजे हृदयातनं निघून छातीतनं पोटात जाणारी मेन रक्तवाहिनी, फुगलेली दिसली की घरचे सगळे घाबरतात, त्यात सर्जननी "हायब्रिड करूया" म्हटलं की नक्की काय करणार हेच कळत नाही, म्हणून राजारामपुरीतल्या आमच्या सोनोग्राफी-सीटी सेंटरकडनं हे पत्रक.

पोटात ही रक्तवाहिनी साधारण 2 सेंमी रुंद असते, 3 किंवा जास्त भरली की अॅन्युरिझम, म्हणजेच फुगा. लहान असेल तर ठरल्या वेळी सोनोग्राफी करत राहायचं. पुरुषांत 5.5, बायकांत 5 सेंमीच्या आसपास गेला किंवा भराभर वाढायला लागला तर ऑपरेशनचा विषय निघतो, कारण फुटला तर कित्येकांना हॉस्पिटल गाठायलाही वेळ मिळत नाही.

ओपन ऑपरेशनमध्ये पोट नाहीतर छाती उघडून फुगलेल्या जागी पॉलिस्टरची नळी शिवतात. दुसऱ्या पद्धतीत जांघेतल्या धमनीतनं स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीची कापडी नळी, वर सरकवून आत उघडतात, पण त्याला दोन्ही टोकांना चांगल्या भिंतीची पकड लागते, दीड-दोन सेंमी तरी. आता फुगा महाधमनीच्या छातीतल्या कमानीत, म्हणजे ती खाली वळते त्या भागात असेल, जिथनं मेंदूकडं आणि हातांकडं जाणाऱ्या फांद्या निघतात, तर नुसता ग्राफ्ट टाकला की त्या फांद्यांची तोंडंच झाकली जाणार. मग सर्जन आधी बायपास करून त्या फांद्यांना रक्ताची दुसरी वाट करून देतात आणि नंतर ग्राफ्ट बसवतात, हे हायब्रिड. फक्त डाव्या हाताची फांदी असेल तर मानेजवळच्या कापावर भागतं, सगळ्या फांद्या असतील तर बहुतेक वेळा छाती उघडावी लागते. कधी एकाच वेळी, कधी दोन टप्प्यांत.

अर्धं ओपन म्हणून धोकाही अर्धा, असं कृपा करून समजू नका. पक्षाघात, पाय लुळे पडणं, किडनीला त्रास हे ह्यातही होऊ शकतं, तुमच्या पेशंटला किती धोका आहे ते सर्जनना सरळ विचारा, विचारण्यात संकोच कसला.

सीटी अँजिओची (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनची) सीडी जपून ठेवा, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही, सर्जन तीच उघडून मिलिमीटरमध्ये मापं घेतात आणि ग्राफ्टचा साईज ठरवतात. सीटीला येताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणा, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. ऑपरेशननंतरही स्कॅन चुकवायचे नाहीत, ग्राफ्टच्या कडेनं रक्त झिरपत असलं तरी बाहेरनं काही कळत नाही. बिडी-सिगरेट कायमची बंद, बीपीची गोळी रोज.

आणि फुगा माहीत असताना अचानक पोटात, पाठीत किंवा छातीत जोरात दुखलं, चक्कर आली, तर सोनोग्राफीला आमच्याकडं येऊ नका, 108 ला फोन करून थेट मोठं हॉस्पिटल गाठा.