पदवीतून नोकरीत गेलेले वर्ष: रुग्णालय प्रशासनातील फेलोशिपची पार्श्वभूमी

रुग्णालय चालवणे हे रीतसर शिकण्याचे काम आहे, ही गोष्ट अमेरिकेत बराच काळ कुणाच्या गावी नव्हती. अधीक्षकाच्या खुर्चीत एखादी अनुभवी परिचारिका, डॉक्टर किंवा धर्मसंस्थेतली भगिनी बसे आणि काम करता करता शिके. कारभाराची अवस्था १९१९ मध्ये उघडी पडली. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने शंभर किंवा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली होती. किमान निकषांना उतरली फक्त ८९. नापासांत मोठी नावे असल्याने ती यादी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील भट्टीत जाळली गेली म्हणतात. आकडे मात्र जाहीर झाले, हे बरे झाले.

१९३४ मध्ये मायकेल डेव्हिस या समाजशास्त्रज्ञाने शिकागो विद्यापीठात रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. पुढे नॉर्थवेस्टर्न, कोलंबिया, मिनेसोटा अशी विद्यापीठे आली. दुसऱ्या महायुद्धानंतर साचा साधारण ठरून गेला: एक वर्ष वर्गात, एक वर्ष रुग्णालयात. या दुसऱ्या वर्षाला रेसिडेन्सी म्हणत. डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची ती सरळ नक्कल होती. विद्यार्थी एखाद्या प्रशासकाच्या हाताखाली राही आणि स्वयंपाकघर, भांडार, हिशेब, नोंदणी अशी खाती फिरे. प्रशासक शिकवणारा निघाला तर विश्वस्तांच्या बैठकीतही बसायला मिळे. नाहीतर वर्ष कागद हलवण्यात जाई. या व्यवस्थेचे खरे दुखणे हेच होते.

१९६५ मध्ये मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, आले आणि सरकारी पैशामागोमाग परतावे, खर्चाचे हिशेब, नियम यांचा पसारा वाढला. वर्गात शिकवायचे एवढे झाले की अनेक अभ्यासक्रमांनी दोन्ही वर्षे स्वतःकडे घेतली. रेसिडेन्सी आक्रसून उन्हाळी इंटर्नशिपवर आली किंवा गेलीच.

ती पोकळी रुग्णालयांनी भरली. पदवीनंतरची, पगारी, एक-दोन वर्षांची फेलोशिप रुजली ती अशी. फेलोची निवड आता विद्यापीठ नव्हे, रुग्णालय करते आणि पुढे त्यालाच नोकरीत ठेवण्याचा विचारही त्यात असतो. म्हणूनच त्याच्यावर प्रत्यक्ष कामे सोपवली जातात: शस्त्रक्रियागृहाचे वेळापत्रक बसवणे, तातडीच्या विभागातली गर्दी कमी करणे, नव्या सेवेचा खर्च मांडणे. वरिष्ठाच्या मर्जीवर बरेच काही अवलंबून असते, ते मात्र अजूनही तसेच.