लिव्हर आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट कसा वाचावा
(आमच्या रक्त तपासणी केंद्रात येणाऱ्या सर्वांसाठी)

काउंटरवर रिपोर्ट घेताना हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "भाऊ, हे काऊन ठळक छापलं?" उत्तर साधं आहे. आकडा छापलेल्या मर्यादेबाहेर गेला की कॉम्प्युटर तो ठळक करतो. तुमचं वय काय, शुगर आहे का, काल रात्री काय जेवलात, आठवडाभर वावरात किती राबलात, यातलं त्याला काहीच माहीत नसतं.

त्यातही लिव्हरच्या मर्यादा आणि कोलेस्टेरॉलच्या मर्यादा वेगवेगळ्या पद्धतीने ठरलेल्या आहेत. लिव्हरच्या बहुतेक मर्यादा ठरवताना निरोगी माणसांचं रक्त तपासतात आणि त्यातल्या 95 टक्के लोकांचे आकडे जिथे बसतात तो पट्टा छापतात. म्हणजे शंभर धडधाकट माणसांत पाच जणांचा आकडा तसाही पट्ट्याबाहेर जाणार. वीस-पंचवीस तपासण्यांचं पॅकेज केलं तर एखादा आकडा ठळक येण्यात नवल नाही. कोलेस्टेरॉलचं तसं नाही. त्याच्या मर्यादा हृदयविकाराचा धोका कुठून वाढतो ते पाहून ठरवल्या आहेत. तिथे गावातल्या निम्म्या लोकांचा आकडा वाढलेला असला, तरी "सगळ्यांचंच आहे" म्हणून तो नॉर्मल होत नाही.

लिव्हरचा रिपोर्ट

एसजीओटी आणि एसजीपीटी ही पेशींच्या आत राहणारी एंजाइम्स आहेत. पेशीला इजा झाली की ती रक्तात उतरतात. दोन्हींची मर्यादा साधारण 40 च्या आसपास. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरमधून येतं. एसजीओटी मात्र स्नायूंमध्ये आणि हृदयातही असतं. म्हणून सोयाबीनची सोंगणी सुरू असताना किंवा दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केल्यावर, दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तर एसजीओटी थोडं चढलेलं दिसू शकतं. अशा वेळी दोन-तीन दिवस अंगमेहनत टाळून परत तपासलं तर खरं काय ते कळतं.

आकडा एकटा पाहू नका, जोडीने पाहा. एसजीपीटी 60, 80 किंवा 90 आणि एसजीओटी त्याहून थोडं कमी, पोट सुटलेलं, सोबत शुगर किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले, असं असलं की डॉक्टर आधी फॅटी लिव्हरचा, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साचल्याचा, विचार करतात. एसजीओटी जर एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल आणि सोबत जीजीटी हे लिव्हरचं आणखी एक एंजाइमही वाढलेलं असेल, तर संशय दारूकडे जातो, मग ती मोहाची असो की दुकानातली. मोहाची म्हणजे शुद्ध, असा समज इकडे पक्का आहे. लिव्हरला मात्र अल्कोहोल तेवढंच कळतं. दोन्ही आकडे एकदम हजारात गेले तर बहुधा व्हायरल कावीळ असते. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणारी ए आणि ई प्रकारची कावीळ साधारणपणे अशीच दिसते. पण मोठ्या मात्रेत पॅरासिटामॉल घेतल्यानेही आकडे हजारात जातात, हे डॉक्टरांना लपवू नका.

लिव्हर प्रत्यक्षात किती काम करतंय हे कळतं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) या तपासण्यांतून, कारण अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं. जुनाट आजारात लिव्हर आकसलेलं असलं तरी एसजीपीटी 35 येऊ शकतं. फॅटी लिव्हरच्या कितीतरी लोकांचं एसजीपीटीही नॉर्मल असतं. त्यामुळे "एसजीपीटी नॉर्मल आलं, म्हणजे पिणं चालू ठेवायला हरकत नाही" हा हिशेब आम्हाला पटत नाही.

आता बिलिरुबिन, म्हणजे जुन्या तांबड्या पेशी फुटून तयार होणारं पिवळं द्रव्य. एकूण 1.2 पर्यंत ठीक समजतात, साधारण 2.5 ते 3 च्या वर गेलं की डोळे पिवळे दिसू लागतात. रिपोर्टवर त्याचे डायरेक्ट (लिव्हरने प्रक्रिया केलेलं) आणि इनडायरेक्ट (प्रक्रिया व्हायचं बाकी असलेलं) असे दोन भाग असतात आणि आपल्या भागात ते नीट पाहणं फार गरजेचं आहे. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढतं. एखाद्या पोराचे डोळे वारंवार पिवळे होतात, हातपाय दुखतात, हिमोग्लोबिन 7 किंवा 8 च्या वर जात नाही आणि घरचे दरवेळी काविळीची माळ घालतात. माळ लांबत जाते, डोळेही थोडे निवळतात, पुन्हा महिन्याभराने तेच. अशा मुलाची सिकलसेलसाठी सॉल्युबिलिटी आणि नंतर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी झालीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात आधी विचारा, तिथे त्याची सोय असते. नुसता वाहक असलेल्या, म्हणजे एएस असलेल्या माणसाला सहसा अशी कावीळ होत नाही.

उलट डायरेक्ट बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (लिव्हर आणि हाडांतून येणारं एंजाइम) दोन्ही वाढले, अंगाला खाज सुटली, लघवी गडद आणि संडास पांढुरकी झाली, तर पित्ताच्या वाटेत खडा किंवा दुसरा काही अडथळा असू शकतो. त्याला रक्त पुन्हा पुन्हा तपासून उपयोग नाही, सोनोग्राफी लागते. एकटं अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं दिसलं तर आधी माणूस पाहा: वाढत्या वयाच्या मुलांमध्ये हाडं वाढत असल्याने आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत गर्भाच्या वारेमुळे ते वाढलेलंच असतं. रिपोर्टवर बहुतेकदा मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असते, म्हणून दहा वर्षांच्या पोराचा आकडा पाहून आईबाप विनाकारण घाबरतात.

फवारणीचं विष बाधलं तर एलएफटी, म्हणजे ही लिव्हरची तपासणी, मागायला आमच्याकडे येऊच नका. मळमळ, लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप असं काही असलं तर सरळ दवाखाना गाठा आणि फवारणीच्या औषधाचा डबा सोबत न्या. तिथे कोलिनेस्टरेज ही वेगळी तपासणी करतात, पण उपचार तिच्यासाठी थांबत नाहीत.

नळीत आम्हाला काय दिसतं

रक्त गोठल्यावर नळी मशीनमध्ये फिरवतात. तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर सीरम उरतं, फिकट पिवळं, आरपार दिसणारं. तपासणी या सीरमवर होते. ते लालसर दिसलं तर पेशी फुटल्या आहेत. शिरेत सुई घालायला त्रास झाला किंवा नळी जोरात हलली की असं होतं, आणि मग एसजीओटी खोटंच वाढतं. असं सॅम्पल आम्ही टाकून देतो आणि तुम्हाला पुन्हा बोलावतो. "पुन्हा रक्त कशाला?" म्हणून काही जण चिडतात, पण चुकीच्या आकड्यापेक्षा दुसरी सुई बरी. बिलिरुबिन उजेडात उतरतं, म्हणून त्या नळ्या आम्ही झाकून ठेवतो. गावोगावच्या सेंटरवरून सॅम्पल पाठवणाऱ्यांनीही एवढी काळजी घ्यावी. आणि कधी कधी सीरम ताकासारखं पांढरं निघतं. तेव्हा मशीन लावायच्या आधीच आम्हाला कळतं की ट्रायग्लिसराइड बेसुमार आहेत.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट

एकूण कोलेस्टेरॉल 200 च्या आत हवं, एवढं बहुतेकांना पाठ आहे. पण एकूण आकडा फसवतो. एका बाईचं एकूण 230 आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 70 आहे असं समजा. शेजारच्या पुरुषाचं एकूण 190 आणि एचडीएल 30. बाईचा एकूण आकडा ठळक छापला जाईल आणि ती घाबरेल. पुरुष म्हणेल, आपलं बरं आहे. पण एकूणमधून एचडीएल वजा करा: दोघांचंही 160 येतं. याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि ते साधारण 130 च्या आत असावं. काळजी दोघांनीही घ्यायची आहे. त्यात तो पुरुष खर्रा खात असेल, बीपी असेल, तर जास्त त्यानेच. एचडीएल पुरुषांमध्ये 40 आणि बायकांमध्ये 50 च्या खाली गेलं तर कमी समजतात.

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बऱ्याच लॅबमध्ये थेट मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूणमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. एकूण 210, एचडीएल 40, ट्रायग्लिसराइड 250 असेल तर एलडीएल 120. हाच माणूस रात्री उशिरा वडाभात दाबून सकाळी आला आणि ट्रायग्लिसराइड 350 निघालं, तर बाकी आकडे तेच राहूनही कागदावर एलडीएल 100 दिसेल. म्हणजे तेलकट खाऊन रिपोर्ट उलट सुधारला! ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हे सूत्र धरतच नाहीत, तेव्हा डायरेक्ट एलडीएल करायला सांगा. ट्रायग्लिसराइड 150 च्या आत हवं. 500 च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, मग डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा.

एलडीएल किती असावं याचं एकच उत्तर नाही. ज्याला दुसरा काही त्रास नाही त्याला 125 वर डॉक्टर कदाचित फक्त चालायला सांगतील. शुगरवाल्याला तोच आकडा जास्त ठरतो. आणि ज्याला एकदा झटका येऊन गेला त्याला 70 च्या, आता बहुतेकदा 55 च्याही खाली ठेवायला सांगतात. तिघांचे रिपोर्ट सारखेच छापले जातात.

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू असताना आकडा उतरला की "नॉर्मल आलं" म्हणून गोळी बंद करणारे आमच्याकडे बरेच येतात. तो आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. या गोळीने एसजीपीटी थोडं वाढू शकतं. मर्यादेच्या तिपटीच्या आत असेल तर डॉक्टर सहसा गोळी चालू ठेवतात. ते त्यांनाच ठरवू द्या. टीबीच्या गोळ्यांनीही एसजीपीटी वाढू शकतं, त्यांचंही डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि तेलाच्या डब्यावर "कोलेस्टेरॉल फ्री" पाहून भुलू नका: जवस, करडई, शेंगदाणा, सोयाबीन, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं.

सॅम्पल द्यायला येताना

लिपिडसाठी 10 ते 12 तास उपाशी या. पाणी खुशाल प्या. चहा, दूध, बिस्किट नको. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेऊन येऊ नका, ते कधी घ्यायचं हे डॉक्टरांना आधी विचारा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा लग्नाच्या जेवणानंतर लगेच येण्यापेक्षा आठवडाभर थांबा. चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं आणा, काढे-चूर्णंही सांगा. गुळवेलीच्या काढ्याने लिव्हरला इजा झालेले रुग्ण कोरोनाकाळात मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. मागचा रिपोर्ट असेल तर तोही आणा, दोन आकडे शेजारी ठेवले की डॉक्टरांना बरंच कळतं.

डोळे पिवळे आणि सोबत झोपाळूपणा किंवा असंबद्ध बोलणं, रक्ताची उलटी, काळी संडास, फुगलेलं पोट, किंवा गरोदर बाईला कावीळ, यातलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट पाहू नका. गरोदरपणात ई प्रकारची कावीळ जिवावर बेतते. आधी पेशंट घेऊन निघा. रिपोर्ट आम्ही दवाखान्याच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करतो, छापील प्रत नंतर घेतली तरी चालेल.