बुखारीचा मथळा बुखारींचा, मुस्लिमचा मथळा मुस्लिमांचा नव्हे

‘इमाम मुस्लिमांनी बाबाला नावच तसं दिलंय, म्हणजे त्यांचं मत स्पष्ट आहे.’ हे वाक्य मी व्याख्यानांत ऐकलंय, लेखांत वाचलंय, आणि दर वेळी पुस्तक उघडून समोर धरावंसं वाटलंय. इमाम मुस्लिमांनी आपल्या ग्रंथातल्या बाबांना, म्हणजे विभागांना, नावं दिलीच नव्हती.

बुखारी शरीफ आणि मुस्लिम शरीफ या हदीसांच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या, संग्रहांची ओळख बहुतेकांना असते, म्हणून ती झटकन उरकतो. मुहम्मद बिन इस्माईल बुखारी हे बुखाऱ्याचे. जन्म ८१०, मृत्यू ८७०, समरकंदजवळच्या खरतंक गावी. मुस्लिम बिन हज्जाज हे निशापूरचे, मृत्यू ८७५. ‘मुस्लिम’ हे इथे माणसाचं नाव आहे, समाजाचं नव्हे. बुखारींनी सहा लाख हदीसांतून निवड केली असं सांगतात, तेव्हा ते सहा लाख म्हणजे सहा लाख वेगवेगळी वचनं नव्हेत. एकच वचन दहा सनदींनी, म्हणजे सांगणाऱ्यांच्या दहा साखळ्यांनी, आलं तर ते दहा मोजलं जाई. सनदीतले दोन रावी, म्हणजे सांगणारे, एकमेकांना प्रत्यक्ष भेटल्याचा पुरावा बुखारींना हवा असे. दोघे एकाच काळातले, भेट शक्य होती, आणि सांगणारा रावी दुवा लपवणारा नाही, एवढं मुस्लिमांना पुरे वाटे. या फरकावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत, पण सामान्य वाचकाची गाडी तिथे अडत नाही. ती अडते मथळ्यांवर.

मथळा म्हणजे बाबाचं शीर्षक. आपल्या मराठीतली ‘बाब’ मुळात हीच. बुखारींच्या ग्रंथात हा मथळा म्हणजे खुद्द लेखकाचा आवाज. बुखारींची फिकह, म्हणजे धर्मकायद्याची समज, त्यांच्या मथळ्यांत आहे, असं जुने आलिम (विद्वान) सांगत आले आहेत, आणि ते शब्दशः खरं आहे. ‘कर्मं नीयतीवर, म्हणजे हेतूवर, अवलंबून’ ही हदीस घ्या. ती बुखारीत सात ठिकाणी येते. क्रमांक १ ला वह्यीची (ईश्वरी संदेशाची) सुरुवात कशी झाली या बाबाखाली, ५४ ला ईमान म्हणजे श्रद्धेच्या प्रकरणात, २५२९ ला गुलाम मुक्त करण्याच्या प्रकरणात, ३८९८ ला हिजरतीत (स्थलांतरात), ५०७० ला निकाहमध्ये, ६६८९ ला शपथांत, आणि ६९५३ ला ‘हियल’ म्हणजे कायद्यातल्या पळवाटांच्या प्रकरणात. हदीस एकच, पण प्रत्येक ठिकाणी मथळा बदलतो आणि तिच्याकडून नवा निवाडा काढला जातो. पळवाटांच्या प्रकरणात तीच हदीस थेट वादात उतरते: शब्द पाळून हेतू मोडणाऱ्याला ती अडवते. पहिल्याच क्रमांकावर तर तिचा एक तुकडा, ‘ज्याची हिजरत अल्लाह आणि त्याच्या रसूलसाठी’, गाळलेला दिसतो. का गाळला, यावर भाष्यकारांनी पानंच्या पानं खर्ची घातली आहेत.

आता मुस्लिम शरीफ उघडा. तीच हदीस एकाच जागी, किताबुल इमारा म्हणजे राज्यकारभाराच्या प्रकरणात, क्रमांक १९०७. तिच्या पाठोपाठ तिच्या इतर सनदी, एकापुढे एक. कुणाकडून ‘हद्दसना’ (आम्हाला सांगितलं) म्हणून ऐकलं, कुणाकडून ‘अख्बरना’ (आम्हाला कळवलं) म्हणून, हे मुस्लिम काटेकोरपणे वेगळं ठेवतात. दोन शिक्षकांकडून एकच हदीस मिळाली असेल, तर ‘शब्द अमक्याचे’ अशी नोंद करतात. हदीसांचा क्रम त्यांनी विषयवारच लावला, पण त्यावर स्वतःचा निवाडा लिहिला नाही. मजकुराचे पाठभेद शेजारी ठेवून वाचायचे असतील, तर मी आजही आधी मुस्लिमच उघडतो.

मग छापील प्रतीतले मथळे आले कुठून? नंतरच्या लोकांनी घातले. आज सर्रास दिसतात ते दमास्कसच्या इमाम नववींच्या (मृत्यू १२७७) भाष्यातले, म्हणजे मुस्लिमांनंतर चारशे वर्षांनी लिहिलेले. नववी स्वतःच सांगतात, की आधीच्या काहींनी दिलेले मथळे चांगले होते, काहींचे नव्हते, म्हणून आपण नेमक्या शब्दांत देऊ. नववी शाफई, म्हणजे इस्लामी कायद्याच्या एका पंथाचे. मथळ्यात ‘मुस्तहब’ (केलेलं चांगलं) किंवा ‘मकरूह’ (टाळलेलं बरं) असा शब्द दिसला, तर तो एका शाफई फकीहाचा, म्हणजे कायदेपंडिताचा, निवाडा आहे. तो मुस्लिमांच्या तोंडी घालणं म्हणजे एकाचं मत दुसऱ्याच्या नावावर चढवणं, आणि सनदीच्या विद्येत याहून मोठी चूक नाही.

बुखारीच्या बाबतीत घोटाळा उलट दिशेने होतो. मथळा लेखकाचाच, हे खरं. पण मथळ्यात बुखारी कधी कुराणाची आयत देतात, कधी सहाबींचं, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांचं, वचन, कधी सनदीशिवाय एखादी हदीस. सनदीची सुरुवात तोडून दिलेल्या अशा मजकुराला ‘मुअल्लक’ म्हणतात. बुखारीचे भाष्यकार इब्न हजर अस्कलानी यांनी ग्रंथभरातली अशी १,३४१ मोजली, आणि त्यांच्या तुटलेल्या सनदी शोधून जोडणारा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मुस्लिममध्ये असा मजकूर अगदी मोजका.

‘आलिम हे पैगंबरांचे वारस आहेत’ हे वचन ‘बुखारीची हदीस’ म्हणून रोज फिरतं. बुखारीत ते आहे, पण किताबुल इल्म म्हणजे ज्ञानाच्या प्रकरणातल्या ‘बोलण्या-करण्याआधी ज्ञान’ या बाबाच्या मथळ्यात, सनदीविना. त्या बाबाखाली एकही सनदी हदीस नाही. ६७ क्रमांक आधीच्या बाबाचा, ६८ पुढच्याचा. सनदीसह हवं असेल तर अबू दाऊद किंवा तिर्मिझी यांच्या हदीससंग्रहांकडे जावं लागतं.

क्रियापदाकडेही लक्ष ठेवा. मुअल्लक देताना बुखारी कधी ‘अमका म्हणाला’ असं ठामपणे लिहितात, तर कधी ‘सांगितलं जातं’ असं कर्मणी रूप वापरतात. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ यांतलं अंतर आपण लहानपणापासून जाणतो. बुखारींचं ते कर्मणी रूप म्हणजे आपलं ‘म्हणे’. अशी मुअल्लकं कधी भक्कम निघतात, कधी कमकुवत, पण त्या जागी बुखारींनी स्वतः हमी घेतलेली नसते. भाषांतरात नेमकं हे ‘म्हणे’च सर्वांत आधी गळतं, आणि खाली ‘सहीह बुखारी’ (सहीह म्हणजे अस्सल) असा ठसा उरतो.

म्हणून संदर्भ देताना माझा आग्रह असतो. बुखारीचा असेल तर क्रमांक द्या, आणि मजकूर मथळ्यातला असेल तर ‘मथळ्यात’ असं स्पष्ट लिहा. मुस्लिमचा असेल तर क्रमांक द्या आणि मथळा सोडून द्या. तो मथळाच हवा असेल, तर शेजारी नववींचं नाव लिहा.